पेढीचं टपाल, मालकाचा ओटीपी

राखाडी रंगाची एक छोटी चौकट. तीत दोन रकाने: वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड टाकून ओके दाबलं की चौकट क्षणभर नाहीशी होते आणि पुन्हा उभी राहते. पुन्हा टाकला, पुन्हा उभी. कळंबोलीच्या स्टील मार्केटात, पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत, न्हावा-शेव्याच्या बंदरावर पोट असलेल्या क्लिअरिंग एजंटांच्या कचेऱ्यांत ही चौकट गेल्या काही वर्षांत पुष्कळांनी पाहिली. पासवर्ड चुकलेला नसतो. तो डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो आणि कचेरीतल्या चौघांना पाठ असतो. मग कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, काल संध्याकाळपर्यंत चालू होतं!"

ते खरंच असतं. यंत्रात रात्रीतून काहीही बदललेलं नसतं. बदल झालेला असतो तो दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरवर. नुसत्या नाव-पासवर्डावर आत येणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ३० मे २०२२पासून मज्जाव केला. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या एक्स्चेंज ऑनलाइन खात्यांवर १ ऑक्टोबर २०२२पासून तोच नियम लावायला सुरुवात केली आणि १६ सप्टेंबर २०२४पासून हॉटमेल, आउटलुक डॉट कॉम ही घरगुती खातीही त्याखाली आणली. गूगलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेत हे काम टप्प्याटप्प्याने २०२५पर्यंत चाललं. या तारखांच्या सूचना आल्या होत्या, पण इंग्रजीत, लांबलचक, आणि बहुधा त्याच पेटीत, जिथे दिवसाला दोनशे मेल येतात.

पनवेलच्या बाजूला या सूचना न वाचल्याची किंमत पैशांत मोजता येते. जहाज बंदराला लागायच्या आधी शिपिंग लाइनकडून अरायव्हल नोटिस येते, ती मेलवर. आयातदाराचे इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मेलवर येतात. बिल ऑफ एन्ट्रीची चेकलिस्ट मंजुरीसाठी मेलवर जाते. आईसगेट या कस्टम्सच्या यंत्रणेकडे तर कागदपत्रांची फाइल ई-मेलला जोडून पाठवण्याची सोय होती. कंटेनर फुकट ठेवायचे दिवस संपले की लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, सुरू होतं आणि सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या गोदामाच्या, आवारातलं भाडं वेगळं चढतं. आवक टपाल दोन दिवस अडलं तर बिल कोणाच्या नावावर फाडायचं, यावर पुढे महिनाभर वाद चालतो.

हे जुनं सॉफ्टवेअर इतकी वर्षं टिकलं याचं कारण लोक आळस म्हणून सांगतात. मला ते पटत नाही.

आपल्याकडे ई-मेल आली ती टेलिफोनच्या तारेवरून. १९८६च्या सुमारास जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे एनसीएसटीने, आयआयटी मुंबईशी फोन लावून मेलची देवाणघेवाण सुरू केली. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती सुरुवात. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचं नाव पुढे २०१४मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. एनसीएसटी २००३मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. आज सी-डॅकच्या मुंबई केंद्राचं एक आवार खारघर स्टेशनासमोर आहे, पनवेलहून लोकलने काही स्टेशनांवर. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. तेव्हा जोडणी म्हणजे मोडेमची किरकिर, अधूनमधून तुटणारी लाइन आणि मिनिटामिनिटाला वाढणारं टेलिफोनचं बिल.

अशा काळात शहाणपणाचा मार्ग एकच होता. फोन लावायचा, साठलेलं टपाल उचलायचं, लिहून ठेवलेली पत्रं सोडायची, फोन ठेवायचा. पॉप हा टपाल उचलण्याचा नियम नेमका याच कामासाठी बनलेला आहे. पाठवण्यासाठी एसएमटीपी, तो १९८२चा. हे दोन्ही नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते वाचून कोणीही मेलचं सॉफ्टवेअर लिहावं, अशीच ती सोय होती. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८मध्ये युडोरा लिहिलं. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड हॅरिस यांनी १९९०मध्ये पेगासस मेल आणलं. मायक्रोसॉफ्टचं आउटलुक एक्स्प्रेस १९९७मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर फुकट आलं आणि भारतातल्या बहुतेक कचेऱ्यांत तेच स्थिरावलं. मेल आपल्याच डिस्कवर, फोल्डर आपल्याच नावांचे: पार्टीनिहाय, जहाजनिहाय, वर्षनिहाय. इंटरनेट नसलं तरी शोधता येतात. आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्या माणसाला ही मांडणी पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली.

शिवाय हे सॉफ्टवेअर एकटं नसतं. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत लॉरी रिसीटच्या कार्बन प्रती एका झटक्यात निघाव्या लागतात, म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो जुन्या समांतर पोर्टावर चालतो. त्याच पोर्टावर बिलिंगच्या प्रोग्रॅमचा डोंगल. तो प्रोग्रॅम कोणा स्थानिक प्रोग्रॅमरने फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, आणि तो लिहिणारा आज कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. बिल तयार झालं की त्यातलं 'पाठवा' हे बटण आउटलुक एक्स्प्रेस उघडतं. म्हणजे मेल बदलायची तर बिलिंग बदलायचं, बिलिंग बदलायचं तर प्रिंटर, प्रिंटर बदलायचा तर कागदाचा साचा. विंडोज एक्सपीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, तरी एक्सपी कोपऱ्यात चालू राहिलं ते या साखळीमुळे. जीएसटी १ जुलै २०१७ला आल्यावर पुष्कळांनी पोर्टलसाठी दुसरा, नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना तसाच शेजारी ठेवला.

आता ती चौकट. बाहेरून टपाल अडलं एवढंच दिसतं, पण त्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत की दुरुस्ती भलतीकडेच चालू राहते.

पहिली गोष्ट बोलण्याच्या भाषेची. सर्व्हर आणि मेलचं सॉफ्टवेअर एकमेकांना ओळख देताना कोणती सांकेतिक पद्धत वापरायची ते ठरवतात. नेटस्केपने १९९५मध्ये आणलेली एसएसएल, मग १९९९ची टीएलएस १.०, २००६ची १.१, २००८ची १.२ आणि २०१८ची १.३. प्रत्येक जुन्या आवृत्तीत कालांतराने भोकं सापडली. ऑक्टोबर २०१४मध्ये पूडल नावाचा दोष उघड झाला आणि एसएसएलचा शेवट झाला. मार्च २०२१मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे बाद केल्या. आउटलुक एक्स्प्रेस स्वतः काही सांकेतिक करत नाही. ते काम विंडोजवर सोपवतं, आणि एक्सपीमधल्या विंडोजला १.०च्या पुढचं येत नाही. सर्व्हरने १.२चा आग्रह धरला की पासवर्ड विचारायची वेळच येत नाही, बोलणं त्याआधीच तुटतं.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर सही करणाऱ्या मूळ संस्थेचं नाव कॉम्प्युटरच्या यादीत असावं लागतं. ही यादी अपडेटमधून येते, आणि अपडेट बंद झालेल्या यंत्रात ती वर्षागणिक शिळी होत जाते. ३० सप्टेंबर २०२१ला एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रांच्या सेवेवर अवलंबून असलेली जगभरची जुनी उपकरणं त्या दिवशी अडली. युडोरा वापरणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत आहे. सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं की ते नाकारलं जातं आणि मग प्रत्येक वेळी हाताने विश्वास नोंदवावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती पासवर्डचीच. नवे सर्व्हर पासवर्ड मागत नाहीत. ते ओऑथ या पद्धतीने, ब्राउझरचं पान उघडून, फोनवर खात्री करून, सॉफ्टवेअरला ठरावीक मुदतीचं टोकन देतात. आउटलुक एक्स्प्रेसला ब्राउझरचं ते पान कसं उघडायचं हेच ठाऊक नाही. त्याला दोनच रकाने ठाऊक आहेत.

सुरक्षेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू मला शंभर टक्के मान्य आहे. पॉपच्या मूळ पद्धतीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जातात. त्याच जाळ्यावर बसलेल्या कोणालाही ते वाचता येतात, आणि एके काळी अख्ख्या इमारतीला एकच केबलवाला इंटरनेट पुरवत असे. पुढे तार सांकेतिक झाली तरी पासवर्डचा प्रश्न उरलाच. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड दुसरीकडे वापरून पाहणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात, आणि जुन्या पद्धतीच्या मार्गावर दुसरी खात्री नसल्याने ते तिथूनच घुसतात. सामान्य पासवर्ड हजारो खात्यांवर लावून पाहणारे ९९ टक्क्यांहून जास्त हल्ले जुन्या पद्धतींच्या मार्गानेच होतात, असं मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलं होतं. व्यापाऱ्याच्या पेटीत घुसलेला माणूस लगेच काही बिघडवत नाही. तो आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचतो. मोठ्या रकमेचं बिल निघालं की 'आमचं बँक खातं बदललं आहे' असं पत्र त्याच भाषेत, त्याच सहीने पाठवतो. पैसे गेले की १९३० या क्रमांकावर लवकरात लवकर तक्रार नोंदवणं एवढंच हातात उरतं.

शिवाय एका यंत्राची हयगय अख्ख्या धंद्याला कुठवर नेते, हे या भागाने डोळ्यांनी पाहिलं आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमधल्या करहिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोसळलं, आणि तिच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जाणारं न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही अडलं. युक्रेनच्या करखात्याशी उरणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रेलर ड्रायव्हरचा काय संबंध? पण संबंध निघाला. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्या ई-मेलमधून आला नव्हता. तो ज्या भोकातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. चोरलेले पासवर्ड हा त्याचा दुसरा रस्ता होता, म्हणून उपाय बसवलेली यंत्रंही सापडली. एकाच जाळ्यात एखादं दुर्लक्षित यंत्र असलं की बाकीच्यांची शिस्त किती पुरते, याचं उत्तर त्या आठवड्यात मिळालं.

मग भांडण नेमकं कुठे आहे? जुनं सॉफ्टवेअर आणि नवी सुरक्षा यांच्यातलं भांडण तंत्राने मिटतं, आणि ते कसं ते पुढे येईलच. न मिटणारं भांडण वेगळं आहे.

पनवेल जुनं व्यापारी गाव आहे. इथे नगरपालिका १८५२ची आहे, धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२पासून चालत आला आहे, आणि २०१६मध्ये महापालिका झाली तरी धंद्याची घडी पुष्कळशी पेढीचीच राहिली. पेढीवर आलेलं टपाल पेढीचं असतं. मुनीम ते उघडतो, मालकाचा धाकटा भाऊ वाचतो, डिस्पॅचचा पोरगा त्यावर शेरा मारतो. ई-मेल आली तेव्हा तीही तशीच वापरली गेली. एक पत्ता, एक पासवर्ड, चार माणसं, दोन कॉम्प्युटर. एका यंत्रावर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली, म्हणजे दुसऱ्यालाही तेच मेल मिळतात. मेल वाचणारा आणि उत्तर देणारा कोण हे ग्राहकाला कळायची गरज नव्हती, उत्तर पेढीचं असे.

नवी सुरक्षा मात्र एक माणूस, एक खातं, एक फोन असं धरून चालते. खात्री मागायची ती त्या माणसाच्या खिशातल्या फोनवर. पेढीच्या खात्याला फोन लागतो, आणि तो साहजिकच मालकाचा दिला जातो. मालक गणपतीला कोकणात गेले, घाटाखाली रेंज नाही, आणि नेमकं तेव्हाच टोकन संपून सॉफ्टवेअर पुन्हा खात्री मागतं. डिस्पॅचचा पोरगा फोनवर ओरडून ओटीपी विचारतो. मालकही ओरडून सांगतात, आणि फोनवर ओटीपी सांगण्याची हीच सवय पुढे भामट्याच्या कामी येते. सुरक्षेसाठी आणलेल्या उपायाने माणसांना नेमकी उलटी सवय लावावी, याचं मला वाईट वाटतं.

मालक वारले तर याहून कठीण होतं. घरच्यांच्या डोक्यात तेव्हा बँक, विमा, सातबारा असतो. फोनचं कनेक्शन बंद होतं. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, त्यानंतर दिला जाऊ शकतो. एखाद्या सकाळी पेढीच्या खात्याचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. पेढीचा पत्ता ज्या डोमेनवर आहे ते डोमेन तर अनेकदा पंधरा वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर निघतं. दुकानाचा गाळा भलत्याच माणसाच्या नावावर आहे असं कळलं तर मालक रात्री झोपणार नाही. डोमेनच्या बाबतीत तेच घडलेलं असतं आणि कोणाला पत्ताही नसतो.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. डोमेन पेढीच्या नावावर करून घ्यायचं. त्यावरच्या सेवेत प्रत्येक माणसाला त्याचं स्वतःचं खातं द्यायचं आणि पेढीची पेटी सामायिक म्हणून सगळ्यांना दाखवायची, म्हणजे उत्तर पेढीच्या नावाने जातं, पण आत कोण आलं होतं त्याची नोंद राहते. खात्रीसाठी एसएमएसऐवजी कोड देणारं ॲप वापरायचं किंवा छोटी सुरक्षा-किल्ली घ्यायची. किल्ल्या दोन घ्यायच्या, एक कचेरीत, एक घरी. गूगल अडीअडचणीसाठी दहा राखीव कोड देतं. ते छापून तिजोरीत, चेकबुकाशेजारी ठेवायचे. हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. पण ते करायला कॉम्प्युटरवाल्याबरोबर मालकाने बसावं लागतं, आणि हा अर्धा दिवस कोणी काढत नाही.

आता जुन्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती. सर्वांत सोपा मार्ग ॲप पासवर्डचा. खात्यावर दुहेरी खात्री चालू केली की गूगल एका सॉफ्टवेअरपुरता सोळा अक्षरांचा पासवर्ड तयार करून देतं. तो जुन्या रकान्यात टाकला की पुष्कळ ठिकाणी काम चालू होतं आणि हवा तेव्हा तो एकटाच रद्द करता येतो. मात्र यंत्राला टीएलएस १.२ येत असेल तरच याचा उपयोग. विंडोज ७ला ती येते, पण जुन्या आउटलुकसाठी ती चालू करायला २०१६चा एक अपडेट आणि रजिस्ट्रीतली एक नोंद लागते. अनेकांचं घोडं तिथेच अडतं.

एक्सपीसाठी मध्ये दुभाषी बसवावा लागतो. पोलंडच्या मिखाउ त्रोयनारा यांनी १९९८पासून चालवलेलं स्टनेल नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. आउटलुक एक्स्प्रेस त्याच्याशी जुन्या साध्या भाषेत बोलतं आणि स्टनेल पुढे सर्व्हरशी टीएलएस १.३मध्ये बोलतं. ते एक्सपीवर बसवण्यापेक्षा कचेरीतल्याच एखाद्या छोट्या, अद्ययावत लिनक्स यंत्रावर बसवावं, म्हणजे साधी भाषा फक्त त्या खोलीतल्या तारेवर राहते. टोकनचा प्रश्न असेल तर ओऑथ समजणारा मध्यस्थ त्याच जागी बसवता येतो. टोकन तो सांभाळतो आणि जुनं सॉफ्टवेअर त्याला नेहमीसारखाच नाव-पासवर्ड देतं. कंपनीचा एक्स्चेंज सर्व्हर असेल तर डेव्हमेल नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही मध्यस्थी करतं. चार-पाच माणसांच्या कचेरीत मला सर्वांत पटणारी रचना म्हणजे त्याच छोट्या यंत्राने सगळं टपाल बाहेरून खेचून घ्यावं, स्वतःजवळ ठेवावं आणि आतल्या नव्या-जुन्या सगळ्यांना वाटावं. मग एक्सपीच्या यंत्राचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध पूर्ण तोडता येतो.

इथे एक इशारा मोठ्या आवाजात द्यायला हवा. मध्यस्थ तार सुरक्षित करतो, पत्रातला मजकूर धुऊन देत नाही. आउटलुक एक्स्प्रेस मेल दाखवताना इंटरनेट एक्स्प्लोररचंच इंजिन वापरतं. घातक मेल सांकेतिक तारेवरून अगदी सुखरूप येईल आणि जुन्या इंजिनात फुटेल. निदान 'सर्व मेल साध्या मजकुरात वाचा' ही खूण त्यात करून ठेवावी. जोडलेल्या फायली नव्या यंत्रावरच उघडाव्यात. आणि जो कॉम्प्युटरवाला 'अँटीव्हायरस बंद करा, चालेल' असं सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवावं. काही जण एखादं नवं फुकट मेल सॉफ्टवेअर सुचवतात. त्यातली काही तुमचा पासवर्ड आणि टपाल आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतात. मायक्रोसॉफ्टच्या नव्या आउटलुकमध्येही दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं की त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये सिंक होते. कोणाला चालेल, कोणाला नाही. पण ठरवताना ते ठाऊक असावं.

पण खरी दौलत चालू टपालात नसते. ती जुन्या फोल्डरांत असते. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल ठेवतं. ती २ जीबीच्या आसपास गेली की बिघडते, आणि दर शंभराव्या वेळी बंद करताना ते 'फायली आवळू का' असं विचारतं, तेव्हा घाईत मध्येच कॉम्प्युटर बंद केला तर अख्खा फोल्डर गमावण्याची पाळी येते. आउटलुकच्या २००२पर्यंतच्या पीएसटी फायलींनाही २ जीबीचीच मर्यादा होती. युडोरा या बाबतीत सज्जन. त्याच्या पेट्या साध्या मजकुराच्या फायली आहेत, पन्नास वर्षांनीही कोणीतरी वाचू शकेल अशा. क्वालकॉमने युडोराचा विकास २००६मध्ये थांबवला, तरी २०१८मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. मृत सॉफ्टवेअरला असा मान क्वचित मिळतो.

मराठी कचेऱ्यांच्या जुन्या मेलना आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. विंडोज २०००पूर्वी विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नव्हती, आणि ती आल्यावरही पुढची दहा-पंधरा वर्षं आपण श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश अशा फाँटांत लिहीत राहिलो. या फाँटांत अक्षर देवनागरी दिसतं, पण साठवलेलं असतं ते रोमन अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या क्रमांकावर. ग्रामपंचायतींना पाठवलेली पत्रं, सहकारी संस्थांच्या सभांच्या नोटिसा, शाळांची परिपत्रकं, दिवाळी अंकांचं साहित्य असं सगळं त्यात आहे. आज ते मेल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. लोक 'करप्ट झालं' म्हणून पुसून टाकतात. ते करप्ट झालेलं नसतं. मेल एचटीएमएल पद्धतीचा असेल तर फाँटचं नाव त्याच्या आतच लिहिलेलं असतं, आणि ते नाव कळलं की युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत. पण स्थलांतर करताना कोणी मेल साध्या मजकुरात बदलले तर फाँटचं नावच गळून पडतं. मग उरतात नुसती चिन्हं, कोणत्या फाँटची ते न सांगणारी. म्हणून मूळ मेल जसेच्या तसे ठेवावेत, जुन्या यंत्रातल्या फाँटच्या फायली त्यांच्याबरोबर ठेवाव्यात, आणि युनिकोड प्रत वेगळी करावी. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातून सेझच्या, विमानतळाच्या भूसंपादनाच्या काळात जो मराठी पत्रव्यवहार झाला असेल, त्यातला किती आज वाचता येईल, या विचाराने मी अस्वस्थ होतो. उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. त्याच्या धावपट्टीखाली कोणाची जमीन होती याचे कागद सरकारी दप्तरात आहेत. माणसांनी एकमेकांना काय लिहिलं ते अशाच डिस्कांवर असणार.

जुने मेल ठेवायला कायदाही सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. वाद कोर्टात गेला तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. इथे एक चुकीची सवय महागात पडते. जुने मेल वाचवायचे म्हणून सगळे नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करतात. फॉरवर्ड केलेला मेल हा आजच्या तारखेचा नवा मेल असतो. मूळ पत्र कोणत्या सर्व्हरवरून, कोणत्या क्षणी आलं, ते सांगणारा वरचा मजकूर त्यात राहत नाही. त्यापेक्षा आउटलुक एक्स्प्रेसमधले मेल निवडून विंडोजच्या साध्या फोल्डरमध्ये ओढून टाकले की प्रत्येकाची ईएमएल फाइल बनते, मूळ तारखेसकट, मूळ मजकुरासकट. ती फाइल थंडरबर्ड या मोफत मेल सॉफ्टवेअरमध्ये आणता येते, शोधता येते, छापता येते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत आधार संपला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९चाही. म्हणजे ज्या कचेऱ्यांनी एक्सपीला कंटाळून एकरकमी पैसे मोजून 'नवं' आउटलुक घेतलं होतं, त्यांचं आउटलुकही आता जुन्यांच्या रांगेत आलं. आज ते उघडतं, मेल आणतं, बिलं पाठवतं. त्याच्या पीएसटी फाइलची प्रत काढायला, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहायला आणि राखीव कोड छापायला दिवाळीचा आठवडा चांगला. तेव्हा बाजार बंद असतो, मालक कचेरीत एकटेच असतात आणि कॉम्प्युटरवालाही रिकामा असतो.